निलगिरी, गवती चहा, लवंग, गंधपुरा : घरात किती थेंब, कशात आणि कुणाला नाही

भपका (धागाकर्ता)

थंडी पडली की निलगिरीचे प्रश्न येतात, पावसाळ्यात डासांचे, दिवाळीत अभ्यंगतेलाचे. उत्तरं दहा धाग्यांत विखुरलेली आहेत आणि त्यातल्या निम्म्यांत "थोडंसं घाला" इतकंच प्रमाण असतं. म्हणून हा वेगळा धागा. कृपया प्रतिसादात प्रमाण मिलीत किंवा थेंबात लिहा.

इथे तेल म्हणजे पाला, साल, कळी वाफेवर धरून काढलेलं उडून जाणारं तेल, म्हणजे इसेन्शियल ऑइल. दुकानात "मोगरा परफ्यूम ऑइल", "चंदन फ्रेग्रन्स ऑइल" लिहिलेल्या बाटल्या मिळतात, त्या बनवलेल्या सुगंधाच्या. मेणबत्तीला चालतील, अंगाला किंवा वाफेत नकोत. मोगऱ्याचं वाफेवर काढलेलं तेल तर बाजारात जवळपास नसतंच, ते फूल वाफ सोसत नाही. त्याचा अर्क द्रावक वापरून काढतात आणि तो भलताच महाग असतो.

आधी माप. पातळ तेलाचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली धरतात, पण झाकणातल्या भोकाप्रमाणे तेच ३०-३५ सुद्धा भरतात. वाळा किंवा चंदनासारखं दाट तेल असेल तर थेंब मोठा पडतो. म्हणून १०० मिलीच्या वर काही करत असाल तर थेंब मोजू नका. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज घ्या किंवा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा.

अंगाला लावायचं तर ज्यात थेंब मिसळायचे ते मूळ तेल खोबरेल, तीळ किंवा बदाम. मोठ्या माणसाच्या निरोगी त्वचेसाठी १ टक्का पुरतो : ३० मिलीत ६ थेंब. दुखऱ्या जागेवर थोडे दिवस २ टक्के, म्हणजे १२ थेंब. ही सरसकट मर्यादा मात्र नाही. लवंगेला ०.५ टक्के (३० मिलीत ३ थेंब), गवती चहाला ०.७ टक्के (४ थेंब). लवंगेच्या तेलात युजेनॉल हा घटक ७० टक्क्यांच्या वर असतो आणि गवती चहाच्या तेलात सिट्राल हा घटकही साधारण तेवढाच. दोन्ही त्वचेला एकदा बाधली की पुढे अगदी कमी प्रमाणातही पुरळ उठतं. "इतके महिने काही झालं नाही" हा पुरावा इथे चालत नाही, कारण अ‍ॅलर्जी वारंवार लावूनच तयार होते.

खडीसाखर

चांगला धागा. खरेदीबद्दल पण लिहा ना. १५ मिलीची निलगिरीची बाटली एका दुकानात ८० रुपयांना, दुसऱ्यात ४००. फरक कशाचा?

भपका

आधी लेबल वाचा. शास्त्रीय नाव, झाडाचा कुठला भाग आणि बॅच क्रमांक या तीन गोष्टी नसतील तर बाटली परत ठेवा. निलगिरीत हे फार महत्त्वाचं. युकॅलिप्टस ग्लोब्युलस म्हणजे सर्दीवालं, त्यात सिनिओल हा घटक भरपूर. युकॅलिप्टस सिट्रिओडोरा म्हणजे लिंबासारख्या वासाचं, त्यात सिट्रोनेलल जास्त. ते वाफेला घेऊन उपयोग नाही. विक्रेता जीसी-एमएस अहवाल (तेलात कुठले घटक किती आहेत ते दाखवणारी प्रयोगशाळेतली तपासणी) देत असेल तर त्यावरचा बॅच क्रमांक बाटलीशी जुळतो का ते बघा. बऱ्याचदा एकच जुना अहवाल सगळ्यांना पाठवतात.

दुसरी खूण किमतीची. एखाद्याकडे लिंबू, लव्हेंडर, गुलाब आणि चंदन सगळं एकाच भावात असेल तर निदान गुलाब-चंदन तरी खरं नाही.

घरच्या दोन परीक्षा. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी बघा. निलगिरी, संत्रं, गवती चहा उडून जायला हवं. तुपकट डाग राहिला तर खाली खाद्यतेल किंवा तत्सम काही मिसळलं आहे. (चंदन, वाळा, पॅचोली सावकाश उडतात, त्यांना ही परीक्षा लावू नका.) आणि लवंगेचा थेंब ग्लासभर पाण्यात सोडा. लवंग, दालचिनी आणि गंधपुरा ही पाण्यापेक्षा जड तेलं, ती तळाशी जातात. लवंगतेल तरंगलं तर भेसळ नक्की. बुडालं म्हणजे शुद्धच असं मात्र नाही, कारण नुसतं बनवलेलं युजेनॉलही बुडतं.

लव्हेंडर हवं असेल तर जम्मूतल्या भद्रवाहचं बघा. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून तिथे लागवड वाढली आहे आणि माल ताजा मिळतो. आणि आपल्या खान्देशातलं रोशा गवत विसरू नका. त्याचं तेल एके काळी मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानापर्यंत जायचं, आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून वापरलं जायचं! पामारोसा या नावाने मिळतं. जिरॅनिऑल हा घटक असल्यामुळे गुलाबाच्या जवळचा वास, आणि गवती चहापेक्षा त्वचेला कितीतरी सौम्य. अभ्यंगतेलाला हेच घ्या.

साबणवाली

अभ्यंगतेलाचं प्रमाण देते. तिळाचं तेल १०० मिली, पामारोसा ०.७ मिली, वाळा ०.३ मिली. झालं १ टक्का. तिळाच्या तेलात आधी औषधी पूड उकळत असाल तर ते गाळून हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, मगच सुगंधी तेल घाला. गरम तेलात घातलं की वास पहिल्या पाच मिनिटांत स्वयंपाकघरात जातो आणि बाटलीत काही उरत नाही.

खोबरेल घेणार असाल तर दिवाळीच्या सुमारास पुणे-नाशिककडे ते पहाटे थिजतं. थिजलेल्या खोबरेलात वरून थेंब घालून ढवळू नका, ते एकसारखं मिसळत नाही आणि एखाद्याच्या वाट्याला सगळा जोर येतो.

अंघोळीच्या बादलीत थेट थेंब टाकणाऱ्यांसाठी : तेल पाण्यात विरघळत नाही, वर तवंग धरतं. पहिल्या तांब्याबरोबर तो न पातळ केलेला तवंग अंगावर येतो आणि नेमका नाजूक जागी झोंबतो. पुदिना, दालचिनी, लवंग तर मुळीच नको. वास हवा असेल तर चमचाभर बिनवासाच्या शॅम्पूत किंवा लिक्विड सोपमध्ये २ थेंब मिसळून अंगाला लावा आणि धुवून टाका.

वॉर्ड_नंबर_चार

लहान मुलांचा मुद्दा मी घेते. लहान मुलांच्या वॉर्डात काम असल्यामुळे जरा ठणकावूनच लिहिते.

दोन वर्षांखालच्या मुलाला निलगिरी, पुदिना, कापूर यातलं काहीही नको. छातीला नको, तळपायाला नको, रुमालावर नको. पुदिन्यातल्या मेंथॉलचा झोत नाकाशी गेला तर तान्ह्या बाळाचा श्वास क्षणभर अडकू शकतो, घशाचे स्नायू आवळतात. कापराची वाफ देणाऱ्या विजेच्या दाण्या बाळंतिणीच्या बंद खोलीत लावतात, त्याही काढून ठेवा. जी६पीडीची (रक्तपेशींना जपणाऱ्या एका विकराची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना कापूर आणि डांबरगोळ्या दोन्हींनी रक्तपेशी फुटून कावीळ वाढू शकते. आणि ही कमतरता आहे हे बऱ्याच घरांना माहीतच नसतं.

ओवा-कापराची पुरचुंडी गळ्यात बांधतात. ती मूल चोखतं. लहान मुलाला अर्धा ते एक ग्रॅम कापूर पोटात गेला तरी झटके येऊ शकतात, आणि पूजेच्या एक-दोन वड्यांत तेवढं वजन सहज भरतं. अमेरिकेत औषधी मलमांतल्या कापरावर १९८३ पासून ११ टक्क्यांची मर्यादा आहे ती याच कारणाने. निलगिरीचं तेल एक चमचा गेलं तरी हाच धोका.

पोटात गेलंच तर : उलटी काढायला लावू नका. पातळ तेल उलटीबरोबर फुप्फुसात जातं आणि तो त्रास मूळ विषापेक्षा वाईट होतो. दूध-तूप देऊ नका, कापूर स्निग्ध पदार्थात विरघळतो. बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा. झटके बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आत सुरू होतात, तेव्हा "बघू काय होतंय" असं थांबायचं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, दिवसरात्र सुरू असतं. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा.

फिट्स येणाऱ्या मोठ्या माणसांनीही निलगिरी आणि कापूर टाळावा, वाससुद्धा. याने झटके आल्याच्या नोंदी आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी केल्या आहेत.

मुळशीकर

मग मोठ्यांनी वाफ कशी घ्यावी? भांड्यात दहा-बारा थेंब टाकतात लोक.

वॉर्ड_नंबर_चार

दोन थेंब. त्याच्यावर काही नाही. एक लिटर पाणी उकळा, गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, पसरट जड बुडाचं भांडं टेबलावर ठेवा (मांडीवर किंवा पलंगावर कधीच नाही), मग थेंब टाका, डोळे मिटा, पाच मिनिटं. उकळत्या पाण्यात टाकलं तर पहिल्या झोतातच सगळं डोळ्या-नाकात येतं. मुलांना वाफ देऊ नका, सर्दीपेक्षा सांडलेल्या पाण्याने भाजण्याचा धोका मोठा आहे.

आणि प्लास्टिकच्या वाफाऱ्याच्या टाकीत तेल घालू नका. प्लास्टिकला बारीक तडे जातात. त्या यंत्राला फक्त साधं पाणी.

नाक मोकळं झालं असं जे वाटतं ते बरंचसं थंडावा ओळखणाऱ्या नसांचं काम असतं. मेंथॉलने हवेची वाट प्रत्यक्षात तेवढीच राहते, वाटतं मात्र मोकळं. झोप लागण्यापुरता तो आराम खरा आहे, त्यात वाईट काही नाही. पण धाप लागत असेल तर त्यावर विसंबू नका. दमेकऱ्यांना उलट त्रास होऊ शकतो.

दाढदुखी

लवंगतेलाचं मी लिहितो. दंतवैद्य झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल मिसळून तात्पुरतं सिमेंट भरतात, तेव्हा दाढ बधिर होते यात भाकडकथा नाही. पण पद्धत चुकते. बोटावर तेल घेऊन हिरडीला चोळलं की हिरडी पांढरी पडून सोलते. दुखणं एक होतं, त्याची दोन होतात.

बरोबर असं : अर्धा चमचा खोबरेलात लवंगतेलाचे २ थेंब. कापसाची काडी त्यात बुडवून, बाटलीच्या काठाला निथळून, फक्त किडीच्या खड्ड्यात टेकवा. लाळ येईल ती थुंका, गिळू नका. दिवसात दोन-तीनदा, आणि फार तर दोन दिवस. सूज, ताप किंवा पू असेल तर तेलाने काही होणार नाही, दाढ उघडावी लागते. मुलांच्या दुधाच्या दातांना नको. काही मिली लवंगतेल पोटात गेलं तर लहान मुलाचं यकृत निकामी होऊ शकतं.

पार्कचा_कट्टा

आमच्या वयाच्या मंडळींचा विषय राहिला : गुडघे आणि गंधपुरा.

भपका

काका, गंधपुरा म्हणजे विंटरग्रीन. त्यात ९८ टक्क्यांच्या आसपास मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचं भावंड. एक चमचा (५ मिली) निव्वळ तेल म्हणजे ३२५ मिग्रॅच्या वीसेक अ‍ॅस्पिरिन गोळ्यांची बरोबरी. ते त्वचेतून रक्तात जातं. म्हणून तीन नियम. रक्त पातळ करणारी गोळी, विशेषतः वॉरफेरिन चालू असेल तर गंधपुरा घरात नकोच. अ‍ॅस्पिरिन सोसत नसेल तरी नको. लावल्यावर वरून गरम पाण्याची पिशवी किंवा घट्ट पट्टी बांधायची नाही, उष्णतेने शोषण वाढतं आणि कातडी भाजते.

यातलं काही नसेल तर ५० मिली तिळाच्या तेलात गंधपुऱ्याचे १५ आणि निलगिरीचे १० थेंब. एका गुडघ्याला अर्धा चमचा, दिवसातून दोनदा. ऊब आणि बधिरपणा मिळेल. सांध्याची झीज आहे तिथेच राहील. आणि बाटली नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात, कारण याचा वास गोड, च्युइंगगमसारखा असतो.

खडीसाखर

डास? सिट्रोनेला (गवती चहाच्या भाऊबंद गवताचं तेल) चालतं असं सगळीकडे वाचते.

अंगणातला_ओवा

चालतं, पण तासाभरापुरतं. त्यातले घटक पटकन उडतात, तोच तर त्यांचा स्वभाव. संध्याकाळी गच्चीवर बसायचं तर ठीक. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, तेव्हा शाळेत पाठवताना सिट्रोनेलाच्या चिकटपट्टीवर विश्वास टाकू नका.

वनस्पतीतलं खरोखर टिकणारं काही हवं असेल तर ते पीएमडी. लिंबाच्या वासाच्या निलगिरीवर प्रक्रिया करून बनवतात. लेबलवर "ऑइल ऑफ लेमन युकॅलिप्टस" किंवा पीएमडी असं लिहिलेलं असतं. त्याच झाडाचं साधं वाफेचं तेल म्हणजे पीएमडी नव्हे, त्यात ते फारच थोडं असतं. तीन वर्षांखाली तेही वापरत नाहीत. मुलांसाठी मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला रिकाम्या करून घासायच्या.

साबणवाली

फरशी पुसायला सिट्रोनेला किंवा गवती चहा उत्तम, पण बादलीत थेट ओतू नका. तवंग फडक्याला लागतो, फरशीवर पट्टे उमटतात आणि पाय घसरतो. तेल पाण्यात मिसळवणारं पॉलिसॉर्बेट-२० मिळतं, साबणाचं सामान विकणाऱ्यांकडे. १० मिली तेल + ५० मिली पॉलिसॉर्बेट, पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं, काचेच्या बाटलीत भरायचं. ५ लिटरच्या बादलीला यातलं ३ मिली. पाणी पांढुरकं व्हायला हवं, वर थेंब दिसले तर पॉलिसॉर्बेट कमी पडलंय. फार घातलं तर फरशी चिकट होते. बाटलीत आधीच पाणी घालून ठेवू नका, काही दिवसांत बुरशीचे तंतू दिसतात. घरात पॉलिसॉर्बेट नसेल तर एक चमचा भांड्यांच्या लिक्विडमध्ये १० थेंब घोटून मग बादलीत.

सोबत व्हिनेगर घालायचा सल्ला सगळीकडे फिरतो. शहाबादी, कोटा, संगमरवर असेल तर अजिबात नाही! हे चुन्याचे दगड, आम्लाने चकाकी जाते ती परत येत नाही. व्हिट्रिफाइड टाइल्सना चालतं. आणि हे सगळं वासासाठी. घरात उलटी-जुलाबाचा आजार असेल तर ब्लीचिंगचं पाणीच लागतं.

मनीमाऊ

फरशीवरून आठवलं. घरात मांजर असेल तर टी ट्री, पुदिना, लवंग, दालचिनी आणि लिंबूवर्गीय तेलं फरशीला नकोत. मांजराच्या यकृतात असे पदार्थ मोडून बाहेर टाकणारी यंत्रणा दुबळी असते, आणि ते पंजे चाटतं. तोल जाणं, लाळ गळणं, थरथर ही लक्षणं. पिसवांवर घरगुती उपाय म्हणून टी ट्री मांजराला किंवा कुत्र्याला थेट कधीच लावू नका. लागलंच तर भांड्यांच्या लिक्विडने धुवा आणि पशुवैद्याकडे न्या.

मुळशीकर

डिफ्युझरचं कुणी लिहिलं नाही. झोपेसाठी लव्हेंडर रात्रभर लावून ठेवतो.

भपका

रात्रभर नको. १०० मिलीच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात ३-४ थेंब, अर्धा तास चालू, मग बंद, दार किंचित उघडं. नाकाला वास कळेनासा होतो म्हणून लोक थेंब वाढवत जातात आणि सकाळी डोकं धरतं. लव्हेंडरने चिंता-झोप यांत थोडा फायदा दिसतो, पण त्यातला बराच अभ्यास पोटातून घेण्याच्या ८० मिग्रॅच्या औषधी कॅप्सूलवर झाला आहे, धुरावर नाही. आणि घरी आणलेल्या बाटलीतून ते गिळायचं नसतं. उशीपाशी टिश्यूवर एक थेंब, एवढ्यानेही काम होतं.

बोअरचं पाणी घातलं की क्षारांची पांढरी भुकटी फर्निचरवर बसते, म्हणून आरओचं पाणी घ्या. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने तळातली चकती पुसा, घासू नका. ती चकती चिकट झाली की धूर येत नाही आणि लोक यंत्र बिघडलं म्हणून टाकून देतात.

अंगणातला_ओवा

कुंडीतल्या गवती चहाचं तेल घरी काढता येईल का, असं दोन जणांनी विपूत (माझ्या विचारपुशीत) विचारलं. ताज्या पानांत तेल अर्ध्या टक्क्याच्या आसपास, बरेचदा कमीच. एक किलो पाल्यातून शेतावरच्या चांगल्या भट्टीतही ४-५ मिली. शेतकरी पाला कापून काही तास सुकू देतात, मग दोन-तीन तास वाफ. तेल पाण्याहून हलकं म्हणून वर साचतं, ते अलगद काढतात. कुकरच्या शिट्टीला नळी जोडून हे करायचे व्हिडिओ आहेत. पाल्याचा चोथा वाफेच्या वाटेत अडकतो आणि कुकर फुटतो. कृपया नको. कुंडीतल्या पानांचा चहाच करा.

साबणवाली

साठवणीचं राहिलं. गडद काचेची बाटली, झाकण घट्ट, ओट्यापासून आणि बाथरूमपासून लांब. निलगिरी आणि संत्र्याची तेलं पन्नास अंशांच्या आतच पेट घेण्याजोगी वाफ सोडतात, समईजवळ किंवा गॅसजवळ थेंब मोजत बसू नका. रबराच्या फुग्याचा ड्रॉपर बाटलीवर कायम ठेवला तर रबर विरघळून चिकट होतं, साधं झाकण लावा. लिंबूवर्गीय आणि टी ट्री फ्रिजमध्ये, उघडल्यापासून वर्षभरात संपवा. हवा लागून त्यांचे असे पदार्थ बनतात की त्वचेला ताज्या तेलापेक्षा जास्त बाधतात. अर्धी बाटली झाली की लहान बाटलीत काढा, म्हणजे आत हवा कमी. पिळून काढलेलं लिंबाचं तेल अंगाला लावलं तर बारा तास उन्हात जाऊ नका, काळे डाग पडतात.

खडीसाखर

आणि जुनं झालेलं संत्र्याचं तेल? अर्धी बाटली पडून आहे, टर्पेंटाइनसारखा वास येतोय.

साबणवाली

अंगाला आणि डिफ्युझरला बाद. सिंकमध्ये ओतू नका. बरण्यांवरच्या लेबलचा गोंद काढायला ठेवा : हातमोजे घालून कापसाने लावा, दहा मिनिटं थांबा, मग साबणाने धुवा. काच आणि स्टीलवर छान निघतो. थर्मोकोल आणि पारदर्शक कडक प्लास्टिकवर लावू नका, विरघळतं. वापरलेला कापूस उघड्यावर वाळवून मग कचऱ्यात टाका.